ताई महाराज प्रकरण, आपले खापर्डे आणि दिवाणी-फौजदारीचा घोळ

“हे मॅटर दिवाणी आहे, कोर्टात जा.”

तक्रार घेऊन कधी कुठल्याही ठाण्याची पायरी चढलेल्या माणसाला हे वाक्य पाठ असते. शेजाऱ्यानं भिंत दीड फूट सरकवली, भावानं वाटणीत मधली खोली दाबली, हातउसने दिलेले दोन लाख परत आले नाहीत, सगळ्याला एकच उत्तर. आणि तिथून बाहेर पडलं की पानठेल्यावर दुसरा सल्ला तयार असतो : “दिवाणीत म्हातारा होशील भाऊ. एक फौजदारी ठोक, आठ दिवसांत लाईनवर येते!”

आमच्या जुन्या शहरात घरं एकमेकांना टेकून आहेत. एका वाड्यात चार हिस्से, नझूलच्या शीटवर आजोबांचं नाव आणि आतमध्ये तिसरी पिढी. त्यामुळे असे वाद इथे घरोघरी आहेत आणि दोन्ही सल्ले मी लहानपणापासून ऐकत आलो. दोन्ही अर्धवट आहेत, एवढंच आज सांगायचं आहे. पण कायद्याचा तास घेण्यापेक्षा एक गोष्ट सांगतो. ती घडली पुण्यात, औरंगाबादेत आणि लंडनमध्ये, पण तिच्यात आपल्या अमरावतीचा एक माणूस पार गळ्यापर्यंत अडकला होता.

आधी हे दोन शब्द. दिवाणी हा शब्द दिवाणावरून आला आणि फौजदारी फौजदारावरून. मोगलाईत वसुली, हिशेब, मालमत्ता हे दिवाणाकडे. बंदोबस्त, चोरी, दरोडा, दंगा हे फौजदाराकडे. मोर्णेच्या काठी उभ्या असलेल्या आपल्या असदगडाला ज्याचं नाव आहे तो असदखान औरंगजेबाचा वजीर, म्हणजे सगळ्या बादशाहीच्या दिवाणी कारभाराचा मुख्य. तेव्हा दिवाणीचं नाव आपल्या गावाच्या किल्ल्यावरच लिहिलेलं आहे म्हणा ना. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला, त्यांचे कायदे आले, कोर्टं आली, साहेब आले. शब्द मात्र तेच राहिले.

फरक साधा आहे. दिवाणी कोर्टासमोर प्रश्न असतो : हक्क कोणाचा? फौजदारी कोर्टासमोर प्रश्न असतो : या माणसानं गुन्हा केला का? पहिल्यात वादी आणि प्रतिवादी, दोघंही तुमच्या-माझ्यासारखे. दुसऱ्यात एका बाजूला सरकार आणि दुसऱ्या बाजूला आरोपी. तक्रारदार हा बहुतेक वेळा नुसता साक्षीदार. पहिल्यात ज्याचं पारडं थोडं जड त्याच्या बाजूनं निकाल. दुसऱ्यात वाजवी शंका उरली तरी आरोपी सुटतो, कारण तिथं माणसाला जेलात घालायचं असतं.

आता गोष्ट.

पुण्याचे पहिल्या दर्जाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित, लोक त्यांना बाबा महाराज म्हणत. ७ ऑगस्ट १८९७ ला ते पटकीनं वारले. मरायच्या आधी त्यांनी मृत्युपत्र केलं आणि विश्वस्तांत टिळकांचं नाव घातलं. टिळक त्या वेळी स्वतः राजद्रोहाच्या खटल्यात, जामिनावर सुटून तीन दिवस झालेले. पुढच्या महिन्यात त्यांना शिक्षाही झाली. दुसरे एक विश्वस्त होते अमरावतीचे गणेश श्रीकृष्ण खापर्डे. दादासाहेब. ज्यांना लोक वऱ्हाडचे नवाब म्हणत, १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष, आणि अर्थातच नामांकित वकील. नागपूरकर, कुंभोजकर हे आणखी दोघं.

बाबा महाराजांच्या मागे त्यांची तरुण विधवा, ताई महाराज. पतीच्या मृत्यूनंतर जानेवारी १८९८ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि दोन महिन्यांत गेला. आता घराण्याला वारस हवा होता, म्हणजे दत्तक. जून १९०१ मध्ये टिळक, खापर्डे आणि ताई महाराज औरंगाबादला गेले. घराण्याची एक शाखा तिकडे होती. तिथला जगन्नाथ नावाचा मुलगा पसंत झाला आणि २८ जूनला दत्तकविधी झाला, असं विश्वस्तांचं म्हणणं. पुण्याला परतल्यावर ताई महाराजांचं मन फिरलं, किंवा फिरवलं गेलं. कोल्हापूरच्या बाळा महाराजांना दत्तक घ्यायचं ठरलं आणि ऑगस्टमध्ये ते झालंही. त्याआधी २९ जुलैला ताई महाराजांनी पुण्याचे जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांच्याकडे अर्ज दिला, की टिळक वगैरेंना मृत्युपत्राचं जे प्रोबेट मिळालंय ते रद्द करा.

इथपर्यंत सगळं दिवाणी आहे हे ध्यानात ठेवा. मृत्युपत्र, प्रोबेट, दत्तक, इस्टेट. कोणी कोणाला मारलं नाही, कोणाचं घर फोडलं नाही.

अ‍ॅस्टनसाहेबानं चौकशी लावली. टिळकांना साक्षीला उभं करून दिवसचे दिवस उलटतपासणी चालली. ३ एप्रिल १९०२ ला त्यानं प्रोबेट रद्द केलं आणि तिथं न थांबता टिळकांवर सात आरोप ठेवून प्रकरण फौजदारीकडे पाठवलं. त्यात मुख्य होता शपथेवर खोटं बोलल्याचा. म्हणजे औरंगाबादला दत्तक झालं, मूल मांडीवर बसवलं असं जे टिळक सांगतात ते बनावट आहे, असं त्याचं मत.

एका दिवाणी अर्जातून फौजदारी अशी जन्माला आली. बेकायदा काही नव्हतं त्यात. न्यायाधीशासमोर खोटी साक्ष झाली असं त्याला वाटलं तर तो पुढं पाठवू शकतो. आजही खोट्या साक्षीचा गुन्हा सहसा कोणी उठून परस्पर दाखल करू शकत नाही. ज्या कोर्टासमोर खोटं बोललं गेलं त्यानंच तक्रार करायची असते. नियम चांगला आहे. पण वापरणारा हात कोणता, त्यावर बरंच अवलंबून असतं.

खास मॅजिस्ट्रेट क्लेमंट्ससमोर खटला लांबत गेला. २४ ऑगस्ट १९०३ ला निकाल आला : दीड वर्ष सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड. सेशन जज ल्यूकसनं जानेवारी १९०४ मध्ये शिक्षा सहा महिन्यांवर आणली, पण दोषी कायम. टिळकांना जेलात जावं लागलं, काही दिवसांनी जामीन झाला. मार्च १९०४ मध्ये मुंबई हायकोर्टात सर लॉरेन्स जेन्किन्स आणि न्यायमूर्ती बॅटी यांनी शिक्षा रद्द केली, दंड परत द्यायला सांगितला. टिळक निर्दोष.

इथं आपल्याकडचा कोणीही म्हणेल, झालं की मग! फौजदारीतून सुटले, म्हणजे दत्तक खरं ठरलं, जगन्नाथ वारस.

नाही ना! टिळक खोटं बोलले हे सिद्ध झालं नाही, एवढंच फौजदारीत ठरलं. दत्तक झालं होतं की नाही हा प्रश्न जिथल्या तिथं. त्याचा दावा पुण्याच्या कोर्टात वेगळा चालूच होता, त्याच्या तारखा वेगळ्या, साक्षी वेगळ्या. आणि ज्यांच्या अर्जावरून हे सगळं उभं राहिलं त्या ताई महाराज ३० सप्टेंबर १९०३ लाच वारल्या होत्या. या बाईंबद्दल मला नेहमी वाईट वाटतं. टिळकचरित्रात त्या कोणाच्या तरी सांगण्यावरून फिरलेल्या म्हणून येतात, विरोधकांच्या लिखाणात टिळकांनी दाबलेल्या म्हणून. नवरा गेला, सात महिन्यांत मूल गेलं, आणि पुढं जे काही झालं ते दोन्हीकडच्या पुरुषांनी त्यांच्या नावानं केलं. त्यांना स्वतःला काय हवं होतं ते कोणत्याच निकालात नीट सापडत नाही.

दिवाणी दाव्याचा निकाल १९०६ मध्ये लागला, टिळकांच्या बाजूनं : औरंगाबादचं दत्तक खरं. मग अपील. १९१० मध्ये मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती चंदावरकर आणि हीटन यांनी तो निकाल फिरवला. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात. (टिळक म्हटलं की अकोलेकरांना १९०८ ची शिवजयंती आणि व्यासपीठावरचे गजानन महाराज आठवतात. त्यानंतर दीड-दोन महिन्यांतच टिळकांना अटक झाली, तीच ही मंडालेची शिक्षा.) दत्तक झालंच नाही असं म्हणताना हायकोर्टाला टिळक-खापर्ड्यांच्या साक्षी खोट्या धराव्या लागल्या. सगळ्यांनी मिळून कट केला आणि शपथेवर खोटं सांगितलं, असा त्या निकालाचा अर्थ निघत होता.

म्हणजे बघा. १९०४ मध्ये फौजदारी हायकोर्टानं जो डाग पुसला, तोच १९१० मध्ये दिवाणी हायकोर्टानं पुन्हा लावला. तोही फौजदारीतल्या संरक्षणाशिवाय. फौजदारीत आरोपपत्र असतं, नेमका आरोप सांगावा लागतो, शंकेचा फायदा मिळतो. इथं नुसत्या एका दाव्याच्या निकालपत्रात अमरावतीच्या पुढारी वकिलाला खोटारडा ठरवून मोकळे. वकिलाची सगळी कमाई त्याच्या शब्दावर असते. खापर्ड्यांना हे किती झोंबलं असेल याचा अंदाज करा.

प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेलं. २६ मार्च १९१५ ला लॉर्ड शॉ यांनी निकाल दिला. हायकोर्टाचा निकाल रद्द, औरंगाबादचं दत्तक खरं, जगन्नाथ वारस. पण त्या निकालाचं नाव कायद्याच्या पुस्तकांत आजही निघतं ते दत्तकामुळं नाही. ते निघतं साक्षीदाराला कसं वागवावं या मुद्द्यामुळं.

झालं असं होतं, की अ‍ॅस्टनसमोरच्या जुन्या चौकशीतल्या जबान्या या दाव्याच्या कागदांत गठ्ठ्यानं आल्या होत्या. हायकोर्टानं त्यातली वाक्यं काढली, दाव्यातल्या साक्षीशेजारी ठेवली आणि म्हटलं, बघा विसंगती. पण साक्षीदार पिंजऱ्यात उभा असताना त्याला ते वाक्य दाखवून कोणी विचारलंच नव्हतं, की तू तेव्हा असं बोललास, आता असं बोलतोस, काय ते सांग. पुराव्याच्या कायद्यातलं कलम १४५ हेच सांगत होतं : जुन्या लेखी जबानीनं साक्षीदाराला खोटं पाडायचं असेल तर तो भाग आधी त्याच्यापुढं ठेवा. लॉर्ड शॉ यांनी यावर फार कडक लिहिलं. इज्जतदार नागरिकांना कटवाले आणि खोटे साक्षीदार ठरवता आणि खुलासा करायची संधीच देत नाही, हे न्यायाला धरून नाही, असा सगळा सूर. २०२४ च्या १ जुलैपासून पुराव्याचा जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, कलमाचा नंबर १४८ झाला, पण गोष्ट तीच राहिली. अकोल्याच्या कोर्टात आज कोणी वकीलसाहेब उलटतपासणीत जुना जबाब साक्षीदारापुढं धरतात, तेव्हा ते टिळक-खापर्ड्यांच्याच वाटेनं चाललेले असतात.

या गोष्टीत आणखी एक मजा आहे, कडवट मजा. १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहात शिक्षा झाली तेव्हा खापर्डे स्वतः लंडनला गेले, प्रिव्ही कौन्सिलमध्ये अपिलाची परवानगी मागायला. नाकारली गेली. कारण फौजदारीत प्रिव्ही कौन्सिलकडे अपिलाचा हक्क नव्हता. खास परवानगी लागायची आणि ती क्वचित मिळायची. दिवाणीत मात्र दहा हजारांच्या वरचा दावा असला आणि खालच्या निकालांत फरक पडला, की दार उघडं. त्यामुळे त्याच माणसाचं सहा वर्षांच्या काळ्या पाण्याचं प्रकरण तिथं ऐकलंही गेलं नाही, आणि सरदाराच्या घरच्या दत्तकाचं पानन्‌पान वाचलं गेलं. माणसाच्या सुटकेपेक्षा इस्टेटीला दार मोठं होतं. साम्राज्याला कशाची काळजी होती ते यावरून कळावं.

त्या दारानं आपला जिल्हाही गेलेला आहे. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिराचा श्वेतांबर-दिगंबर दावा १९१० मध्ये अकोल्याच्या कोर्टात दाखल झाला. वाशीम तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. अकोल्याहून नागपूरचं ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट, आणि तिथून १९२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिल. निकाल लागला, वाद राहिला. १९८१ पासून मंदिराला कुलूप, आणि थेट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर दार उघडलं. व्यवस्थापन कोणाचं हे दिवाणी कोर्ट सांगू शकतं. लोक दारात समोरासमोर आले की तिथं बंदोबस्तच लागतो, म्हणजे पुन्हा फौजदारच.

आता आपल्या गल्लीत येऊ.

सुप्रीम कोर्टानं १९५४ मध्ये सांगितलं, की एकाच घटनेवर दिवाणी आणि फौजदारी दोन्ही असतील तर साधारणपणे फौजदारी आधी चालू द्यावी, कारण दिवाणी वर्षानुवर्षं रेंगाळते. (फौजदारी लवकर संपते हा तेव्हाचा विश्वास वाचून हसू येतं.) २००५ मध्ये पाच न्यायमूर्तींनी स्पष्ट केलं, की एकीकडचा निष्कर्ष दुसरीकडे बांधील नाही, दोन्हीकडे पुराव्याचं माप वेगळं आहे. ताई महाराज प्रकरणात जे घडलं तेच हे, फक्त ठाम शब्दांत.

आमच्या ओळखीतल्या एका काकांना हे समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. सख्ख्या भावानं त्यांच्यावर फसवणुकीची केस केली होती, वाटणीपत्रावरची सही खोटी म्हणून. कित्येक वर्षं पेशीवर गेले, आणि सुटले. पेढे वाटले. म्हणाले, “आता घर माह्यंच!” मी म्हटलं, काका, तुम्ही सही खोटी केली हे सिद्ध झालं नाही. घर कोणाचं ते अजून कोणी सांगितलंच नाही. वाटणीचा दावा पडलाय तसाच. ते माझ्यावरच रागावले. उलट बाजूच्या भावाचंही तेच : त्याला वाटलं होतं की अटकेच्या भीतीनं काका खोली सोडतील. कोणीच काही सोडलं नाही. दोघांच्या मुलांचं बोलणं मात्र बंद झालं.

फौजदारीला हत्यार करण्याचा दुसरा तोटा पानठेल्यावर कोणी सांगत नाही, म्हणून इथं सांगतो. उसने पैसे वसूल करायचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. मुदतीचा कायदा १९६३ चा आहे आणि तो थांबत नाही. तुम्ही ठाण्यात अर्ज दिला, साहेबांना भेटलात, गुन्हाही दाखल झाला, तरी दिवाणीचं घड्याळ चालूच असते. चौथ्या वर्षी कळतं की तो दाखल गुन्हा काही पैसे आणून देत नाही, आणि दावा लावायला जावं तर मुदत संपलेली. मी अशी माणसं पाहिली आहेत. रक्कम खरी, हात कोरा.

याचा अर्थ ठाण्यात जाऊच नका असा कोणी काढू नये. भिंतीच्या वादात डोकं फोडलं तर ते फौजदारीच आहे, मग भिंत कोणाची का असेना. कागद बनावट केला, धमकी दिली, रात्री कुलूप तोडून सामान बाहेर फेकलं, तर “दिवाणी मॅटर” म्हणून हात झटकता येत नाहीत. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्येच सांगितलंय. आणि त्याच कोर्टानं एप्रिल २०२५ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांना झापलं ते बरोबर उलट कारणासाठी : निव्वळ पैशाच्या दिवाणी वादांना फौजदारीचा रंग देता म्हणून. दोन्ही चुका खऱ्या आहेत. कधी एकाच ठाण्यात, एकाच आठवड्यात होतात.

ओळखायचं कसं, असं काल एका मित्रानं फोनवर विचारलं. मी त्याला म्हटलं, तुला शेवटी काय हवंय ते ठरव. खोली हवी असेल, पैसे हवे असतील, हिस्सा हवा असेल, तर ते फक्त दिवाणी कोर्ट देऊ शकतं. सामान फेकण्याच्या आत मनाईहुकूम माग, आखीव पत्रिका आणि जुनी वाटणी घेऊन वकिलाकडे जा. समोरच्यानं गुन्हा केला असेल आणि त्याची शिक्षा व्हावी असं वाटत असेल, तर ठाणं. दोन्ही असेल तर दोन्ही कर, पण एकातून दुसरं मिळेल ही आशा धरू नको. “लय दिवस लागतात ना पण भाऊ,” तो म्हणाला. लागतात. ते मी नाकारत नाही.

ताई महाराज प्रकरणालाच बघा ना. १९१५ च्या निकालानंतरही अंमलबजावणीचं शेपूट उरलंच होतं. इस्टेटीचा ताबा, कोल्हापूरकडच्या मालमत्ता, अर्जांवर अर्ज. जुलै १९२० मध्ये टिळक पुण्याहून मुंबईला आले ते याच प्रकरणाच्या हायकोर्टातल्या कामासाठी. मुंबईतच ताप भरला, सरदारगृहात आजारी पडले, आणि तिथंच १ ऑगस्टला गेले. बाबा महाराजांना शब्द दिला त्याला तेव्हा तेवीस वर्षं होत आली होती.